स्वतः जुळवायच्या हॅम रेडिओ किटला आज गिऱ्हाईक आहे का?

प्रश्न एका तरुण इंजिनिअरचा आहे. त्याच्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) चालणारा, पाच वॅटचा, मोर्ससाठीचा छोटा ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ एकाच यंत्रात, त्याने स्वतः तयार केला आणि मित्रांना तो आवडला. आता त्याचं किट करून विकावं असं त्याच्या मनात आहे. पण तयार रेडिओ इतके स्वस्त झालेले असताना सुटे भाग घेऊन चार-चार रात्री सोल्डरिंग करत बसणारं गिऱ्हाईक खरंच उरलं आहे का, की हा फक्त जुन्या आठवणींचा बाजार आहे? आणि जास्त लोकांनी घ्यावं म्हणून बोर्ड अर्धा जुळवून, कॉइल गुंडाळूनच द्यावा का?

गिऱ्हाईक आहे, आणि ते केवळ आठवणींवर जगणारं नाही. मी कित्येक वर्षं किट जुळवत आलोय, नवशिक्यांना शेजारी बसवून शिकवत आलोय, आणि मधली काही वर्षं छोट्या तुकड्या काढून स्वतःची किट विकलीही आहेत. त्यावरून सांगतो. तुमचं सर्किट कितीही सुंदर असलं तरी किट खपेल की नाही ते सर्किटवर ठरत नाही. घेणाऱ्याच्या हातून ते पूर्ण होतं का, यावर ठरतं. पुढे जे काही लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीपाशी येतं.

आधी स्वस्ताईचा मुद्दा बाजूला काढू, कारण तुमची शंका तिथूनच सुरू होते. किट म्हणजे स्वस्तातला रेडिओ, हे एके काळी अगदी खरं होतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बरची हीथ कंपनी मुळात छोट्या विमानांच्या धंद्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी मालातले इलेक्ट्रॉनिक भाग त्यांनी घाऊक उचलले आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं किट बाजारात आणलं. पुढे हॅमसाठी ट्रान्समीटर, रिसीव्हर, ट्रान्सीव्हर अशी रांगच लागली. ‘हीथकिट’चं गणित सोपं होतं. व्हॉल्व्हच्या काळात रेडिओतली जवळजवळ प्रत्येक तार माणूस हाताने जोडायचा आणि ती मजुरी किमतीत मोठा वाटा खायची. तेच काम गिऱ्हाइकाने घरी, सवडीने केलं की तेवढे पैसे वाचत. मग छापील सर्किट बोर्ड आले, त्यावर भाग बसवणारी यंत्रं आली आणि मजुरीचा वाटा घटत गेला. भाग मोजून पुड्या बांधायच्या, वर पुस्तिका छापायची, यापेक्षा यंत्राकडून थेट बोर्ड भरून घेणं स्वस्त पडू लागलं. १९९२ मध्ये हीथने किट बंद केली.

किटचा जमाना संपला, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण बघा, त्यानंतर काय झालं. कॅलिफोर्नियातल्या एका क्लबसाठी वेन बर्डिक यांनी ‘नॉरकॅल ४०’ नावाचं छोटं किट आखलं. त्याची सुधारित आवृत्ती घेऊन डेव्हिड रटलेज यांनी कॅलटेक या तिथल्या तंत्रविद्यापीठात विद्यार्थ्यांना रेडिओचं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. १९९८ मध्ये बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ यांनी एलिक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. त्यांचं ‘के२’ हे किट घरच्या टेबलावर जुळवलेलं असूनही कारखान्यातल्या चांगल्या रेडिओंच्या पंगतीत बसायचं. २००३ मध्ये हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ हा ट्रान्सीव्हर मांडला. त्यात सर्किटचे तेच टप्पे पाठवताना एका दिशेने आणि ऐकताना उलट्या दिशेने वापरले जातात, त्यामुळे भाग कमी लागतात. कॉइलसाठी खास टोरॉइड (तार गुंडाळायची चुंबकीय कडी) मिळत नसेल तर नळाचा वॉशरही चालेल, इतका तो आवाक्यातला विचार होता. जगभर लोकांनी तो करून पाहिला. २०१७ मध्ये हान्स समर्स यांनी तरुण हॅमच्या उन्हाळी शिबिरासाठी ‘क्यूसीएक्स’ हा मोर्स ट्रान्सीव्हर किट म्हणून तयार केला आणि शिबिराबाहेरही तो मोठ्या प्रमाणावर गेला.

हे सगळं किटची स्वस्ताई ओसरल्यानंतरचं आहे. तेव्हा लोक वेगळंच काहीतरी विकत घेताहेत, हे उघड आहे.

ते काय, हे समजायला आपल्या छंदाची व्याख्याच बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेचे, म्हणजे हॅम रेडिओचे, तीन हेतू दिले आहेत: स्वयंशिक्षण, आपसातला संपर्क आणि तांत्रिक शोध. स्वयंशिक्षण पहिलं आहे. स्वतःच्या हाताने केलेला ट्रान्समीटर अँटेनाला लावून हवेत सोडायची मुभा बहुतेक देशांत परवानाधारक हॅमला असते, बाकी कुणाला सहसा नसते. मोबाइल फोन तुम्ही घरी जुळवून वापरू शकत नाही. हा हक्क मिळालेल्या माणसाला तो एकदा तरी वापरून बघावासा वाटतो, आणि किट हा त्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. सर्किट स्वतः आखायला बराच अभ्यास लागतो, किट जुळवायला काही संध्याकाळी.

निसर्गाचे नियमही लहान किटच्या बाजूने आहेत, आणि हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगायला हवं. पाच वॅट ऐकून नवा माणूस नाक मुरडतो. पण १०० वॅट आणि ५ वॅट यांतला फरक १३ डेसिबलचा आहे. रिसीव्हरच्या मीटरवर सिग्नलची ताकद एस युनिटमध्ये मोजतात आणि एक युनिट ६ डेसिबलचं धरतात, म्हणजे फरक दोन युनिटांहून जरासाच जास्त. १०० वॅटवर खणखणीत ऐकू येणारं स्टेशन पाच वॅटवर थोडं हळू ऐकू येतं, बस. त्यातून मोर्स असेल तर अरुंद फिल्टरमुळे तेही अंतर फारसं जाणवत नाही. म्हणून मूठभर भागांचं यंत्र हजारो किलोमीटर बोलतं. तुमच्या जाहिरातीत हे एक वाक्य बाकी दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करेल.

हातात धरायच्या, जवळच्या अंतराच्या व्हीएचएफ सेटशी मात्र स्पर्धा करायला जाऊ नका. तिथे कारखान्याचा माल इतका स्वस्त आणि आटोपशीर आहे की किटला जागाच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरियली या तिघांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ‘आयकिया परिणाम’ हे नाव (घरी जुळवायचं फर्निचर विकणाऱ्या कंपनीवरून) त्यातूनच रूढ झालं. स्वतः जुळवलेल्या वस्तूची माणूस जास्त किंमत करतो, एवढाच भाग सगळे सांगतात. त्यातला दुसरा निष्कर्ष किट विकणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं, तर हा जिव्हाळा नाहीसा होतो. अर्धवट किट कपाटात जातं आणि रोज दिसलं की मनाला टोचतं. तो माणूस दुसरं किट घेत नाही, मित्रालाही घ्यायला सांगत नाही. उलट ज्याचं पूर्ण झालं तो महिन्याभरात विचारतो, पुढचं काय आहे? छोट्या किटवाल्याचा धंदा परत येणाऱ्या या माणसांवर चालतो.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. नुकताच परवाना मिळाला होता, किट स्वतः जुळवलं होतं आणि रिसीव्हर पूर्ण मुका होता. तीन आठवडे ते त्याच्याशी झटत होते. बोर्ड माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाले, “सर, माझ्या हातात ही कला नाही बहुतेक.” मी मीटर लावला. व्होल्टेज सगळीकडे बरोबर. सोल्डरिंगही देखणं, चकचकीत. मग भिंग घेऊन टोरॉइडचं एकेक टोक बघत गेलो. तिसऱ्या कॉइलपाशी दिसलं की सोल्डरचा चंदेरी थेंब तारेभोवती गोल बसलाय, पण मधोमध तारेचा तपकिरी ठिपका तसाच आहे. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, निघालंच नव्हतं. वरून जोड पक्का, आतून वीज जायला वाट नाही. मीटरची टोकं लावली, बीप नाही. टोक सुटं केलं, ब्लेडने खरवडून तांबं उघडं केलं, त्यावर सोल्डरचा हात दिला, पुन्हा बसवलं. बीप. बॅटरी जोडली, अँटेना लावली आणि हेडफोन त्यांच्या कानाला दिला. आधी बँडची सळसळ आली आणि तिच्यातून बारीक आवाजात कुणीतरी सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, देत होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतरच्या दोन वर्षांत त्यांनी तीन किट जुळवली आणि आता ते स्वतः इतरांची बिघडलेली किट तपासून देतात.

ते किट ज्याने आखलं होतं त्याच्या पुस्तिकेत या जागी एकच ओळ होती: “एल३ गुंडाळून बसवा.” तीन आठवड्यांची निराशा त्या एका ओळीत होती. इनॅमल कसं काढायचं, निघालं हे कसं ओळखायचं आणि बसवल्यावर मीटर कुठे टेकवायचा, एवढ्या तीन वाक्यांनी ती टळली असती.

कॉइलबद्दल आणखी थोडं लिहितो, कारण किट अडतात ती बहुतेक इथेच. टी३७-२ हा लाल रंगाचा टोरॉइड तुम्हीही वापरला असेल. त्यावर २० वेढे दिले की १.६ मायक्रोहेन्री होतात आणि २१ वेढे दिले की जवळजवळ १.७६. एका वेढ्याने दहा टक्के फरक. ट्यून केलेल्या सर्किटची फ्रिक्वेन्सी त्यामुळे पाच टक्के सरकते, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर सुमारे ३५० किलोहर्ट्झ. ४० मीटरचा अख्खा बँडच देशानुसार २०० ते ३०० किलोहर्ट्झचा आहे. ट्रिमरने (पेचकसाने फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या कपॅसिटरने) थोडं सावरता येतं हे खरं, पण ते गृहीत धरू नका. आणि एका वेढ्याची चूक फार सहज होते, कारण नवा माणूस बाहेरून दिसणाऱ्या तारा मोजतो. टोरॉइडमध्ये तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. पहिल्यांदा नुसती सरळ आरपार घातली तोच एक वेढा झाला. हे शब्दांत सांगून पुरत नाही. शेजारी फोटो हवा, आणि भोकातल्या तारांवर १, २, ३ असे आकडे टाकलेले हवेत.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही विकणार आहात ती वस्तू म्हणजे पुस्तिका. भाग तर कुणीही पुडीत भरून देईल. हीथकिट इतकी वर्षं चाललं त्यात पुस्तिकेचा हात मोठा होता. प्रत्येक पायरीसमोर खूण करायला मोकळी जागा असे. तार कापायची लांबी, कुठून कुठे न्यायची, सगळं लिहिलेलं. आम्ही तुम्हाला अपयशी होऊ देणार नाही, असं त्यांचं जाहीर वचन होतं. क्यूसीएक्सची पुस्तिका शंभराहून अधिक पानांची आहे. शिवाय रिसीव्हर जुळवून घ्यायला लागणारा सिग्नल जनरेटर त्या बोर्डातच आहे. ज्याच्याकडे साध्या मल्टिमीटरपलीकडे काही नाही तोही ते किट पूर्ण करू शकतो, असा विचार आखणीतच केलेला आहे.

तुमची पुस्तिका टप्प्याटप्प्याने लिहा. आधी वीजपुरवठ्याचे पाच-सहा भाग बसवायला सांगा, बॅटरी जोडायला लावा, या बिंदूवर इतके व्होल्ट दिसले पाहिजेत असं लिहा आणि नाही दिसले तर काय तपासायचं तेही तिथेच द्या. मग ऑडिओ अॅम्प्लिफायर: इनपुटच्या पिनला बोट लावलं की हेडफोनमध्ये घूं आवाज यायला हवा. तो आवाज ऐकला की माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की सांगतो, किट पूर्ण होण्याची निम्मी खात्री त्या क्षणी झालेली असते. मग ऑसिलेटर, मग मिक्सर, आणि सगळ्यात शेवटी ट्रान्समीटर, तोही आधी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर. सगळे भाग एकदम बसवून शेवटी स्विच दाबायला लावणारी पुस्तिका म्हणजे गिऱ्हाइकाशी जुगार खेळणं आहे.

पुड्या बांधण्याचं काम क्षुल्लक समजू नका. हिशेब करून बघा. किटमध्ये १२० भाग आणि तुकडी शंभराची, तर १२,००० भाग मोजायचे. हजारात एक चूक होते असं धरा, म्हणजे हात चांगलाच नेमका झाला. तरी शंभरातल्या अकरा-बारा किटमध्ये काहीतरी कमी किंवा चुकीचं जाणार. माझ्या एका तुकडीत एका पुरवठादाराने १०४ लिहिलेल्या पाकिटात १०३ चे कपॅसिटर भरले होते, शंभर नॅनोफॅरडच्या जागी दहा. मी पाकिटावरचा आकडा वाचला, भागावरचा वाचला नाही. सगळ्यांना पुन्हा पाठवावे लागले, आणि ज्यांनी आधीच बसवले होते त्यांना बोर्डवरून काढायचं अवघड काम माझ्यामुळे पडलं. तेव्हापासून प्रत्येक पाकिटातला एक भाग काढून मीटरवर तपासतो आणि बांधलेली प्रत्येक पुडी बारीक काट्यावर तोलतो. नमुन्याच्या पुडीपेक्षा वजन कमी-जास्त भरलं की ती पुन्हा उघडायची. आणि रेझिस्टर, छोटे कपॅसिटर, आउटपुटचे ट्रान्झिस्टर एक-एक जास्तीचे घाला. त्याचा खर्च नगण्य असतो, पण ट्रान्झिस्टर जळाल्यावर रात्री अकरा वाजता पुडीत दुसरा सापडला तर तो माणूस तुमचं नाव आयुष्यभर काढतो.

घेणारे कोण असतात, हाही प्रश्न येतोच. नवा परवाना मिळालेले असतात. तरुणपणी एखादं किट केलेले आणि आता सवड मिळालेले असतात. दिवसभर पडद्यासमोर बसून सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच येतात. त्यांना हाताला लागेल असं काहीतरी करायचं असतं, आणि ते पुस्तिका शब्दन् शब्द वाचतात. चौथा प्रकार क्लबांचा. एका खोलीत दहा-पंधरा जण एकच किट जुळवतात, अडलं की शेजाऱ्याला विचारतात. तिथे अर्धवट राहण्याचं प्रमाण फार कमी असतं. तुम्ही सुरुवात क्लबपासूनच करा.

मोर्स येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी आता डिजिटलची वाट उघडली आहे. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची एफटी८ ही पद्धत २०१७ मध्ये आली. कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण सिग्नल कॉम्प्युटर उलगडतो, त्यामुळे पाच वॅटचं किट आणि साधी तारेची अँटेना पुरते. तुमचा रेडिओ मोर्सचा आहे, राहू द्या. पण पुढच्या किटचा विचार करताना हे ध्यानात ठेवा.

आता अर्धा जुळवलेला बोर्ड द्यावा का. एसएमडी भागांपुरतं, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावरच चिकटवायच्या बारीक भागांपुरतं, उत्तर हो. भोकात घालायच्या पायांचे भाग बाजारातून कमी होत चाललेत, नव्या आयसी बहुधा बारीक एसएमडीच मिळतात, आणि त्या हाताने बसवायच्या म्हटलं की चाळिशी लागलेला माणूस घाबरून मागे फिरतो. क्यूसीएक्समध्ये दोन एसएमडी आयसी कारखान्यातूनच लावलेल्या येत, बाकी सगळं गिऱ्हाइकाने बसवायचं. हे प्रमाण मला फार आवडतं. हान्स समर्स यांच्याच नंतरच्या डिजिटल किटमध्ये बहुतेक भाग यंत्राने बसवलेले असतात आणि कॉइल, ट्रान्झिस्टर, कनेक्टर तेवढे हाती उरतात. टोरॉइड गुंडाळणं यंत्राला महाग पडतं, म्हणून ते काम माणसाकडे आलं.

कॉइल मात्र गुंडाळून देऊ नका. मघाशी सांगितलं की माणसं तिथेच अडतात, आणि तरीही मी हे सांगतोय. तारेचा पीळ बोटांनी बसवत वेढे मोजण्यात जो वेळ जातो त्यात सर्किटची ओळख होते. पुढे कधी रेडिओ बिघडला तर हाच माणूस निर्धास्तपणे झाकण उघडतो. तार लागेल त्याच्या दीडपट द्या, म्हणजे एक कॉइल फुकट गेली तरी चालेल. ज्यांची बोटं थरथरतात किंवा नजर साथ देत नाही त्यांच्यासाठी गुंडाळलेल्या कॉइलची पुडी वेगळी ठेवा. मागितली की कारण न विचारता द्यायची.

आणि बोर्डची मोठी ऑर्डर देण्याआधी पाच किट बांधा. ती अशा पाच जणांना द्या ज्यांनी याआधी फार तर एखादी तार जोडली असेल. त्यांच्या शेजारी बसा, पण बोलू नका. कुठे थांबतात, कुठलं पान उलटून मागे जातात, कुठला भाग हातात घेऊन दिव्याखाली फिरवतात, ते वहीत टिपत जा. जिथे दोघे थांबले ते पान नव्याने लिहा. चौघे थांबले तर बोर्डच बदला.